डब्यावरचा आकडा आणि पोराचा दम



क्लॅरिओनेट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात ती वरातीत वाजते, गणपतीच्या मिरवणुकीत वाजते. ऐकणाऱ्याला काळी नळी दिसते, तिच्यावरच्या चकचकीत चाव्या दिसतात, वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल दिसतात. पण ज्या वस्तूतून हा सूर जन्मतो ती कुणालाच दिसत नाही, कारण ती वादकाच्या ओठाखाली झाकलेली असते. वेतासारख्या गवताची ती एक चपटी चकती, बोटभर लांबीची. टोकाशी तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच असते. दुकानदार तिला रीड म्हणतात, आम्ही बँडवाले पत्ती म्हणतो. आज बोलायचे आहे ते या पत्तीबद्दल आणि तिच्यापायी माझ्या हातून झालेल्या एका अन्यायाबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावी तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला येऊ लागला. वडील राइस मिलमध्ये कामाला. पोराचा कान चांगला होता. दोन महिन्यांत तो सरगम नीट वाजवू लागला. मग एके दिवशी त्याच्या पत्तीचे टोक चिरले. मी त्याच डब्यातली दुसरी काढून दिली. आकडा तोच, अडीच. दुसऱ्या दिवसापासून पोराचा सूर बसला. फुंकले की नुसती हवा फुसफुसायची, वरच्या सप्तकात तर आवाजच निघेना.

“काका, हवा जातच नाही जी आत,” तो म्हणाला.

मी रागावलो. रियाज सुटला, लक्ष खेळण्यात आहे, असे चार मुलांसमोर बोललो. तो यायचा थांबला. आठवड्याने त्याचे वडील भेटले. “त्याच्या छातीत दमच नाही जी, उगाच तुमचा वेळ जाते,” असे तेच मला सांगू लागले. म्हणजे घरातही निकाल लागून गेला होता.

त्या संध्याकाळी त्याने परत केलेली पत्ती मी सहज माझ्या वाद्याला लावून पाहिली. श्रोतेहो, तीस वर्षे वाजवून घट्ट झालेले माझे ओठ दहा मिनिटांत थकले. दम पोराचा कमी नव्हता, पत्ती कडक होती. मग मी डब्यातल्या उरलेल्या आठही वाजवून पाहिल्या. दोन अगदी मऊ, तीन जेमतेम, एक त्या कडक पत्तीची सख्खी बहीण, आणि मनासारख्या अशा दोनच. डब्यावर आकडा मात्र सगळ्यांचा एकच.

असे का होते? ज्या गवताची ही पत्ती होते त्याचे शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. दक्षिण फ्रान्सच्या वार प्रांतातले हे गवत त्यासाठी जगभर नावाजलेले आहे. साधारण दोन वर्षे वाढलेले दांडे कापतात, उन्हात वाळवतात, मुरायला ठेवतात, मग उभे चिरून त्यांच्या पत्त्या करतात. आपल्याकडच्या सनईची पत्तीही गवताचीच. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म बिहारमधल्या डुमरावचा, आणि तिथल्या सोन नदीकाठच्या नरकट नावाच्या गवताची ख्याती सनईच्या पत्तीसाठीच आहे. फरक एवढाच की सनईची पत्ती दुहेरी असते, आमची एकेरी.

आता गवत म्हटले की ते शेतातले पीक. एकाच बांधीतले धान घ्या. बांधाकडचे रोप वेगळे, मधले वेगळे. पाणी, ऊन, खत यांचा फरक दाण्यात उतरतोच. तसाच तो या दांड्यातही उतरतो. दांड्याच्या आत मऊ गर असतो आणि त्यातून कडक तंतू गेलेले असतात. ते कुठे दाट, कुठे विरळ. एकाच दांड्याच्या दोन चिरफळ्या सारख्या निघतील याची खात्री नसते.

आणि आकड्याचे म्हणाल, तर बहुतेकांचा समज असतो की तीन नंबरची पत्ती जाड आणि दोनची पातळ. मीही कित्येक वर्षे तसेच समजत होतो. प्रत्यक्षात एका प्रकारच्या सगळ्या पत्त्या एकाच मापाने कापल्या जातात. कापून झाल्यावर यंत्र प्रत्येकीला किंचित वाकवून पाहते. सहज वाकली तर दोन, कमी वाकली तर अडीच, त्याहून कमी तर तीन. म्हणजे आकडा जाडीचा नाही, ताठपणाचा. एका आकड्यात येणाऱ्या पत्त्यांतही कमीअधिक असतेच. शिवाय पत्ती डावीकडे किती ताठ आणि उजवीकडे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. एका कंपनीचा अडीच दुसऱ्या कंपनीच्या तीनच्या जवळ बसतो, ते आणखी वेगळेच.

त्यात आमचे हवामान. मे महिन्यात भर दुपारची वरात, अंगाची लाही होत असते. दोन गाण्यांमध्ये थांबलो की पत्तीच्या कडा वाळून लाटेसारख्या होतात. पावसाळ्यात तीच पत्ती फुगते, ओली बंद डबीत ठेवली तर बुरशी धरते. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्रीच्या थंडीत वाद्यच उतरते, सूर खाली जातो. घरी गुणी वाटलेली पत्ती मांडवात दगा देते ती अशी.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, नवी पत्ती एकदम तासभर वाजवू नये. दोन मिनिटे पाण्यात भिजवावी, पहिल्या दिवशी पाच-सात मिनिटे वाजवावी आणि रोज थोडे वाढवत न्यावे. तीन-चार पत्त्या आलटून पालटून वापराव्यात, त्यांच्यावर पेन्सिलीने खूण करावी. वाजवून झाल्यावर पुसून काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवाव्यात.

पत्ती थोडी कडक वाटली तर ती तोंडपट्टीवर केसभर खाली सरकवून बांधावी, मऊ वाटली तर केसभर वर. एवढ्यानेही फरक पडतो. एक बाजू ताठ असल्याची शंका आली तर वाद्य ओठात किंचित डावीकडे आणि मग उजवीकडे फिरवून फुंकावे. एका बाजूने सूर मोकळा आणि दुसरीने घुसमटलेला निघाला, तर घुसमटलेली बाजू अगदी बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासावी. दोन-तीन हात मारावेत, मग वाजवून पाहावे. घासलेले परत येत नाही. मी घाईने वाया घालवलेल्या पत्त्या मोजल्या तर एक नवा डबा भरेल.

हे सारे करण्याचा कंटाळा थोरामोठ्यांनीही केलेला नाही. युजीन व्हान डोरेन हे पॅरिसच्या ऑपेरातले क्लॅरिओनेटवादक. त्यांनी १९०५ साली पत्त्या बनवायला घेतल्या आणि त्यांच्या नावाची पत्ती आज जगभर जाते. आता प्लॅस्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाच्याही पत्त्या मिळतात. त्या वाळत नाहीत, फुगत नाहीत, एकीसारखी दुसरी असते. पण अशा एका पत्तीला जवळपास गवताच्या पत्त्यांच्या अख्ख्या डब्याएवढे पैसे पडतात. शिवाय गवताच्या सुराची ऊब तिच्यात नाही, असे माझ्यासारख्या जुन्या माणसाला वाटते. कदाचित ही सवयही असेल.

एक सांगायला हवे. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आमच्या तरुणपणी पत्ती आणायची म्हणजे एक दिवस आणि तिकिटाचे पैसे घालवायचे. म्हणून मिळेल ती, चिरकी, कडक, कशीही पत्ती आम्ही वाजवत राहिलो आणि सूर लागला नाही की दोष स्वतःला दिला. तीच सवय मी त्या पोराला लावत होतो. आमच्या भागातली बिडी वळणारी बाई तेंदूच्या पुडक्यातले एकेक पान बोटांनी चाचपून मगच कापते. पुडक्यावर काय लिहिले आहे ते ती विचारत नाही. एवढे साधे मला तीस वर्षांत सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. वडिलांसमोरच सांगितले, चूक माझी होती. डब्यातल्या दोन चांगल्या पत्त्यांपैकी एक त्याला दिली. अंगणातच त्याने फुंकून पाहिले. पहिला सूर निघाला तेव्हा तो माझ्याकडे नाही, वडिलांकडे पाहत होता.

पुढच्या मंडईत तो आमच्यासोबत वाजवायला बसला. आता नवा डबा आला की दहाही पत्त्या तोच आधी वाजवून पाहतो, खुणा करतो आणि लहान मुलांसाठी मऊ पत्त्या बाजूला काढून ठेवतो. आपल्या घरचे मूल एखादे वाद्य शिकत असेल आणि एकाएकी अडखळू लागले, तर ‘याला जमणार नाही’ असे म्हणण्याआधी त्याच्या हातातली वस्तू एकदा तपासून पाहा, एवढीच माझी विनंती.