नावाखालच्या चार ओळी

कविता लिहिणाऱ्या माणसाकडे लोक काय काय मागायला येतात, याची यादी मोठी आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर, श्रद्धांजलीचा फलक, नव्या दुकानाचे नाव. मी कळंबोलीत राहतो आणि तिथल्या लोखंड बाजारात एका वाहतूक कचेरीत पत्रव्यवहार सांभाळतो. त्यामुळे या यादीत अर्जांची आणि ई-मेलची भर पडलेली आहे.

अलीकडे शेजारची मुलगी पेढे घेऊन आली. न्हावा-शेवा बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत तिला नोकरी लागली होती. म्हणाली, "काका, मला ई-मेलखालची सही करून द्या. छान डिझाइनची."

ही सही पेनाने केलेली नव्हे. ई-मेलचा मजकूर संपला की त्याखाली आपोआप उमटणारे नाव, पद, कचेरी आणि फोन, यालाही आता सहीच म्हणतात. तिने मोबाइलवर एक नमुना दाखवला. तीन रंग, कंपनीचे चिन्ह, हसरा फोटो, एक सुविचार आणि नावाखाली भलेमोठे पद. मला आमच्या बाजारातल्या ट्रकची पाठ आठवली. कमळे, मोर, आईचा आशीर्वाद, 'हॉर्न ओके प्लीज'. त्या शेवटच्या तीन शब्दांवर राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी घातली, कारण ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. ट्रकची पाठ कितीही नटलेली असो, मागून येणाऱ्याला रात्री दोनच गोष्टी हव्या असतात. नंबर नीट दिसावा आणि लाल दिवा पेटावा. ई-मेलखालच्या सहीचेही तसेच आहे.

आपण रोज वापरतो तो 'सही' हा शब्द मूळ अरबीतला. त्याचा अर्थ बरोबर, खरे. सही करणे म्हणजे वरचे सगळे खरे आहे असे सांगणे. दस्तखत हा फारसीतला, म्हणजे हाताने लिहिलेले. आणि 'शिक्कामोर्तब' तर आपण बोलता बोलता म्हणून जातो. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्याशी मुद्रा असे आणि शेवटी मोर्तबाचा छोटा शिक्का असे. इथे मर्यादा शोभते, अशा अर्थाचा संस्कृत मजकूर त्या मोर्तबावर आहे. मोर्तब झाले की पत्र संपले. त्याखाली कुणी एक अक्षर वाढवले, तर ते धन्याचे नव्हे. सहीचे काम हेच असते. मजकूर कुठे संपला आणि त्याची जबाबदारी कुणावर, हे तिने सांगायचे.

कवींनाही हे ठाऊक होते. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते, गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपले नाव गुंफतो. तिथे पदवी नसते की पत्ता नसतो. नाव पुरते.

ई-मेलवाल्यांनीही सुरुवातीला असाच विचार केलेला दिसतो. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचे एक टिपण १९९५ साली निघाले. ई-मेलखाली सही जोडायची तर ती साधारण चार ओळींच्या आत ठेवा, असे त्यात सुचवलेले आहे. चार ओळी! चारोळी म्हणा, रुबाई म्हणा. आम्हा कवींना याहून जास्त जागा मागायची सवयच नाही.

मग त्या चार ओळींत काय लिहावे? ते धंद्यावर आहे. आमच्या वाहतुकीच्या धंद्यात गाड्या रात्री धावतात. म्हणून रात्री जो फोन खरोखर उचलला जातो, तोच नंबर हवा. बाजारातला गाळा क्रमांकही हवा, कारण नवा ड्रायव्हर तोच विचारत येतो. नोंदणीकृत कंपनी असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याने व्यावसायिक पत्रांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कचेरीचा पत्ता, कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ई-मेल हे सगळे देणे बंधनकारक केले आहे. धंद्याचा ई-मेल हेही पत्रच, असे समजून चालणे शहाणपणाचे. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक हवा, आणि नावापुढे फक्त मान्यताप्राप्त पदव्या. वकिलांचा नियम तर आणखी कडक. पाटीवर किंवा पत्राच्या कागदावर, आपण अमुक खटल्यांतले तज्ज्ञ आहोत किंवा पूर्वी न्यायाधीश होतो, असे त्यांना लिहिता येत नाही. पद्मश्री आणि भारतरत्नसुद्धा नावाच्या मागेपुढे लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. म्हणजे सहीत काय असावे याइतकेच काय नसावे, हेही महत्त्वाचे.

एक साधी गोष्ट कारागिरीचीही. नाव आणि फोन चित्राच्या रूपात टाकू नयेत. कित्येकांच्या मोबाइलवर ते चित्र उघडतच नाही, आणि मग नटलेल्या सहीच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

आता माझी चूक सांगतो. बाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला मीच अशी सही करून दिली होती. नेटकी, चार ओळींची. मला तिचा थोडा अभिमानही होता. २०२२ साली एके दिवशी त्याच सहीचा ई-मेल आमच्या कचेरीत आला. आमचे बँकेतले खाते बदलले आहे, थकलेली रक्कम नव्या खात्यात भरा. मी बेसावध नव्हतो. खात्री करायला सहीतल्या नंबरवर फोन केला. पलीकडून नम्र आवाजात उत्तर आले, हो, बदलले आहे. मी पैसे भरायला सांगितले. दोन दिवसांनी खऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला, पैसे कधी देताय?

त्या ई-मेलमधल्या सहीतला शब्दन् शब्द माझाच होता. फक्त फोनचे शेवटचे दोन आकडे माझे नव्हते. आम्ही सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या १९३० या नंबरवर तक्रार केली. काही रक्कम बँकेत अडवली गेली, बाकीची गेली ती गेली. अशा वेळी पहिले काही तास मोलाचे असतात आणि आमचे दोन दिवस निघून गेले होते. मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचेच जास्त लागले.

तेव्हापासून दोन गोष्टी सगळ्यांना सांगतो. ई-मेलखालची सही आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्य केलेली डिजिटल सही यांचे गोत्र एक नाही. डिजिटल सहीत अशी गणिती व्यवस्था असते की मजकूर कुणी बदलला तर ते कळते. ई-मेलखालची सही मात्र कुणीही टाइप करू शकतो. ती ओळख सांगते, ओळख पटवत नाही. दुसरी गोष्ट, पैशाचा मामला असेल तर आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करा. आलेल्या पत्रातल्या नंबरवर कधीही नाही.

हे सगळे ऐकून त्या मुलीने फोटो काढला, सुविचार काढला, रंग एकावर आणला. पदाशी मात्र अडली. तिला नेमले होते शिकाऊ कर्मचारी म्हणून आणि सहीत लिहिले होते व्यवस्थापक. "काका, शिकाऊ लिहिले तर कोण उत्तर देणार मला?"

मी तिला सहीचा अर्थ पुन्हा सांगितला. ती काही बोलली नाही, पेढ्यांचा डबा तसाच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या ई-मेलवर तिचे दोन शब्द आले, 'बघा काका.' त्याखाली चार ओळी होत्या. नाव, शिकाऊ कर्मचारी, कचेरी, फोन. मी आधी डायरीतला तिचा नंबर काढून ताडून पाहिला. बरोबर होता. मग उत्तर लिहिले, 'सही आहे.'