उसाच्या देशात भाजीचे वाफे
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



आपली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती १८५३ साली. क्युबात त्याच्या सोळा वर्षे आधी, १८३७ साली, हवानाजवळ रेल्वे सुरू झाली. राज्य स्पेनचे, पण खुद्द स्पेनमध्ये तेव्हा रेल्वे नव्हती! एवढी घाई साखरेसाठी. गुलामांच्या घामाची साखर बंदरात न्यायची होती.

१९५९ च्या क्रांतीनंतर गिऱ्हाईक बदलले, ऊस तोच राहिला. सोव्हिएत संघाला साखर द्यायची, तिकडून तेल, खत, ट्रॅक्टर आणि धान्यसुद्धा आणायचे. भाव चांगला मिळे, म्हणून चालून गेले. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. अमेरिकेची नाकेबंदी होतीच. तेल आटले, ट्रॅक्टर उभे राहिले, लोक अर्धपोटी राहू लागले. १९९२ साली आपल्या देशात गहू गोळा करून जहाजाने क्युबाला पाठवला, हे काही जुन्या साथींना आठवत असेल.

तेव्हा निसर्गप्रेमाने नव्हे, पोटासाठी बैल जुंपले गेले. हवानात पडीक जागांवर वाफे बांधून गांडूळखतावर भाजी निघू लागली. विषारी औषधांऐवजी मित्रकीटक आणि बुरशी तयार करणाऱ्या दोनशेवर लहान प्रयोगशाळा चालल्या. रताळ्याच्या किडीवर तर मुंग्या सोडल्या. केळीच्या खोडाच्या तुकड्यांत मुंग्या जमवायच्या आणि ते तुकडे शेतात नेऊन ठेवायचे! १९९३ साली बहुतेक सरकारी शेते मोडून तिथल्याच कामगारांच्या सहकारी संस्था केल्या. मालकी सरकारची, कसणे त्यांचे.

२००२ साली दीडशेवर साखर कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे बंद केले. अशा वेळी युनियनवाल्याने पहिला प्रश्न विचारायचा, कामगाराचे काय झाले? तिथे बऱ्याच जणांना पगार चालू ठेवून शिकायला बसवले. ही गोष्ट मला मुंग्यांपेक्षा मोठी वाटते.

मात्र क्युबा स्वयंपूर्ण झाला असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका. भाजी पिकली, पण तांदूळ, गहू मोठ्या प्रमाणात बाहेरूनच येत राहिले. कोंबडी तर अमेरिकेतून! एके काळी वर्षाला सत्तर-ऐंशी लाख टन साखर काढणाऱ्या देशात २०२२ साली पाच लाख टनही निघाली नाही. उसाच्या कितीतरी रानात माराबू नावाचे काटेरी झुडूप माजले. २००८ साली सरकारने पडीक जमीन मागेल त्याला कसायला द्यायचा कायदा केला. जमीन हाती आली की अनेकांचे पहिले काम, तो माराबू मुळासकट उपटणे.