घोडा, तबेला आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला पाककृती, शिवणकाम, बाळाचे आरोग्य असे विषय नेहमी होतात. यंदा घोड्याचा विषय ठेवला आहे, हे वाचून पुष्कळजणींना हसू आले असेल. पण हा विषय का ठेवला हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आपल्या भागातली दहा-बारा मुले शनिवारी-रविवारी घोडेस्वारी शिकावयास जातात. उन्हाळ्यात एका ठिकाणी आपल्यातली एक मुलगी पडली आणि तिच्या मनगटाला प्लास्टर घालावे लागले. त्यानंतर पंधरा दिवसांत चार मुलींची नावे कमी झाली. मुलगे मात्र सगळे जात राहिले. पडला तो मुलगा असता, तर "पडल्यावाचून का कोणी शिकतो?" असे म्हणून आपणच त्याला पुन्हा पाठवले असते. तेव्हा मुलींना पाठवावे की नाही, आणि पाठवायचे तर आईने काय पाहावे, एवढेच मी आज बोलणार आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. मी स्वतः घोड्यावर बसणारी नाही. पण आमची धाकटी तीन वर्षे जाते आहे, आणि तिला पोहोचवून परत येईपर्यंत तबेल्याच्या ओट्यावर बसून मी जे पाहिले, ते सांगते. आपल्याला घोडा कळत नाही, हे खरे. पण घर कळते ना? तबेला म्हणजे घोड्याचे घर. ज्या बाईला दुसऱ्याच्या मोरीवरून त्या घरची शिस्त ओळखता येते, तिला तबेलाही ओळखता येतो.

तबेल्याचा दिवस आपल्यासारखाच उजाडायच्या आधी सुरू होतो. पहिले काम म्हणजे लीद काढणे. एका घोड्याची लीद दिवसाला पंधरा-वीस किलो भरते. मग ओले गवत काढायचे, ठाण कोरडे करायचे, पाणी भरायचे. घोडा दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चारशे किलो वजनाच्या घोड्याला सुकी वैरणच सात-आठ किलो लागते. वर चंदी म्हणून भिजवलेला हरभरा, जव, कोंडा, असे ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. स्वारी झाली काय आणि न झाली काय, घोड्याला चंदी चुकत नाही. फी का जास्त असते, ह्याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. आपण गाईला घालतो तशी शिळी पोळी हौसेने घोड्याला घालू नये, आणि कांदा तर मुळीच नको. गाय रवंथ करते, तिचे पोट चार कप्प्यांचे. घोड्याचे पोट एकच, आणि अंगाच्या मानाने लहान. त्याला थोडे थोडे पण दिवसभर खावे लागते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. बाधलेले अन्न बाहेर टाकण्याची सोय देवाने त्याला दिलेलीच नाही. म्हणून पोटशूळ हे घोड्याचे मोठे दुखणे. वेळेवर कळले नाही तर जनावर हाती लागत नाही.

मुले तिथे गेली की पहिल्याच दिवशी घोड्यावर बसतील, असे आपल्याला वाटते. चांगल्या ठिकाणी तसे होत नाही. आधी घोड्याजवळ जायला शिकवतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला चहूकडचे दिसते. मात्र अगदी पाठीमागचे आणि कपाळाच्या अगदी पुढचे दिसत नाही. म्हणून त्याच्याजवळ जावे ते डाव्या खांद्याच्या बाजूने, हळू बोलत. त्याचे कान पाहावे. कान पुढे असले तर त्याचे आपल्याकडे लक्ष आहे. मागे चापून बसले तर त्याला राग आला आहे. मागच्या पायांशी रेंगाळू नये. दोर हाताला गुंडाळून कधी धरू नये, कारण घोडा बिचकला की बोटे अडकतात. खाऊ द्यायचा तर तळहात सपाट ठेवून.

मग खरारा. अंगावरची धूळ, वाळलेला घाम, चिखल सगळे काढायचे. खोगिराखाली खडा राहिला तर पाठीला जखम होते. मग एकेक खूर उचलून आकड्याने साफ करायचा. पावसाळ्यात तर हे रोजच हवे, नाहीतर ओल राहून खूर कुजतो. खूर आपल्या नखांसारखे वाढते, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर. म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नालबंद येतो, खूर तासतो आणि नाल बसवतो. हे सगळे पाहून झाल्यावर म्होरकी धरून घोड्याला चालवणे, मग खोगीर चढवणे, आणि मग कुठे स्वारी. तीही आरंभी रिंगणात. शिकवणारा मध्ये लांब दोर धरून उभा राहतो आणि घोडा त्याच्याभोवती फिरतो. आधी साधी चाल, मग दुडकी. दुडक्या चालीत घोड्याच्या ठेक्याबरोबर उठायचे-बसायचे, हे अंगवळणी पडायला मुलांना कित्येक आठवडे लागतात.

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, ह्या कोड्याचे उत्तर आपल्या आजीच्या वेळेपासून सगळ्यांना पाठ आहे: फिरवले नाही म्हणून. ठाणात बांधून ठेवलेला घोडा बिघडतो, हे आपल्या लोकांना किती आधीपासून माहीत होते पाहा.

आता पडण्याविषयी. घोड्यावरून मुले पडतात, हे मी झाकून ठेवणार नाही. चांगल्या ठिकाणीही पडतात. पण प्रत्येक पडणे नशिबाचे नसते. उन्हाळ्यात जी मुलगी पडली, तिचा घोडा उधळला नव्हता. तंग ढिला राहिल्यामुळे खोगीर एका बाजूला कलले आणि ती घसरली. तंग आवळताना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात. दोन मिनिटांनी श्वास सोडला की तंग सैल होतो. म्हणून बसण्यापूर्वी आणि थोडे चालल्यावर तो पुन्हा तपासायचा असतो. ते त्या दिवशी झाले नाही. त्या जागेचे नाव घेण्याचे कारण नाही. पण आपण त्या गोष्टीतून "मुलीची जात, तिला हे झेपायचे नाही" असा अर्थ काढला. खरा अर्थ एवढाच, की तंग पुन्हा पाहिला गेला नाही.

म्हणून आईने काय काय पाहावे ते क्रमाने सांगते. पहिले, मुलाच्या डोक्यावर घोडेस्वारीचेच पक्के शिरस्त्राण हवे, हनुवटीखाली पट्टा बांधलेले. सायकलचे किंवा क्रिकेटचे चालत नाही. आणि एकदा जोराचा मार बसला की ते बदलावे. दुसरे, पायात टाच असलेला बूट. चपला, सँडल नकोत, कारण पाऊल रिकिबीतून आरपार गेले तर पडल्यावर मूल फरफटते. तिसरे, धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर दिलेले हवे. जिथे लीद आणि माती तिथे हे आवश्यकच. चौथे, नवशिक्या मुलाला शांत, वयस्क घोडा देतात की हाताला लागेल तो, हे पाहावे. पाचवे, नाक उघडे ठेवून तबेल्यात एक फेरी मारावी. स्वच्छ तबेल्याला गवताचा आणि लिदीचा वास येतो, तो सहन होतो. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला, तर ठाणे कितीतरी दिवस नीट निघालेली नाहीत असे समजावे. पाण्याच्या टाकीत हात घालून बघावा, शेवाळे लागते का. घोड्यांच्या पाठीवर आणि तंगाच्या जागी जखमा आहेत का, बरगड्या मोजता येतात का, हेही पाहावे. ज्या माणसाला आपल्या घोड्याची पाठ सोललेली दिसत नाही, त्याला आपल्या मुलाचा ढिला तंग काय दिसणार?

तबेल्यातल्या कामाने मुलांचे काय होते, ह्याचे एक उदाहरण देते. गेल्या वर्षी श्रावणात एका रविवारी आमची धाकटी तारा नावाच्या घोडीचे ठाण झाडायला गेली. घोडा दिवसाकाठी आठ-दहा वेळा लीद टाकतो. त्या दिवशी ठाणात जवळजवळ काहीच नव्हते, आणि रात्रीची चंदी तशीच पडली होती. घोडी वळून वळून आपल्या कुशीकडे बघत होती. मुलीने झाडू तिथेच टाकला आणि मोतद्दारांकडे धावली. "मामा, तारानं रात्रीपासून लीद टाकली नाही!" मामांनी घोडीच्या कुशीला कान लावला आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोट मोकळे केले, इंजेक्शने दिली. मामा आणि मुले आळीपाळीने घोडीला सावकाश चालवत राहिली. दुपारी तीनच्या सुमारास घोडीने लीद टाकली, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. लिदीला टाळ्या वाजलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी चार तास गेले असते तर अवघड होते.

त्या दिवशी स्वारी झालीच नाही. फी फुकट गेली, असे एका पालकांनी म्हटलेही. मला तसे वाटत नाही. ज्या मुलीला घरी "ताट उचल" म्हणून तीनदा सांगावे लागे, तिने मुक्या जनावराचे दुखणे न सांगता ओळखले. बोलता न येणाऱ्याकडे लक्ष देणे हे शिक्षण पुढे तान्ह्या बाळापाशी, आजारी म्हाताऱ्या माणसापाशी, सगळीकडे उपयोगी पडेल. मुलग्यांनाही पडेल, त्यांना तर ते जास्तच हवे.

मोतद्दारांविषयी दोन शब्द. रात्री तबेल्यात निजणारा, पहाटे लीद काढणारा आणि आपल्या मुलांना रिकिबीत पाय घालून देणारा हाच माणूस. शिकवणाऱ्या सरांना आपण नमस्कार करतो आणि ह्यांना "ए, इकडे ये" म्हणतो. मुले त्यांना मामा म्हणतात. आपणही निदान अहो-जाहो करावे. दिवाळीला सरांच्या घरी फराळाचा डबा जातो, तसा एक तबेल्यातही गेला पाहिजे.

आता मुलींविषयी शेवटचे. शाळेच्या संमेलनात आपण मुलीला नऊवारी नेसवून, लाकडी तलवार देऊन झाशीची राणी करतो. कमरेला पुठ्ठ्याचा घोडाही बांधतो. ती राणी म्हणजे मोरोपंत तांब्यांची मनू. बिठूरला पेशव्यांच्या वाड्यात वाढली, तिथे लहानपणीच घोड्यावर बसायला शिकली, आणि १८५८ साली ग्वाल्हेरजवळ लढताना पडली. पुठ्ठ्याच्या घोड्यावर मुलीला बसवताना आपल्याला अभिमान वाटतो, आणि खऱ्या घोड्याजवळ गेली की धास्ती वाटते. ह्याचा आपणच विचार करावा.

आजच्या काळातलेही सांगते. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. बायकांसाठी वेगळी सोपी स्पर्धा नसते. १९५२ साली हेलसिंकीला घोड्याच्या शिस्तबद्ध चालीच्या स्पर्धेत बायकांना प्रथम प्रवेश मिळाला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल ह्या बाईंनी रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले होते. १९५६ साली त्यांनी पुन्हा रौप्यपदक मिळवले. आणि आपल्याकडे २०२३ साली चीनमध्ये हांगझौ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत ह्याच प्रकारात भारताच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीत १९८२ नंतर ४१ वर्षांनी ते आपल्याकडे आले. त्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह ह्या दोन मुली होत्या. आपल्या मुलींनी पदकेच आणावीत असे मी म्हणत नाही. पण मुलीच्या अंगाला हे झेपत नाही, हे बोलणे आता बंद व्हावे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. ज्यांना मुले पाठवायची आहेत, त्यांच्यापैकी दोघीदोघींनी मिळून एका रविवारी तबेला पाहून यावे. तिथे तासभर बसावे. मघाशी सांगितलेल्या गोष्टी आपल्या डोळ्यांनी पाहाव्या आणि महिन्याच्या सभेत सांगाव्या. जागा चांगली वाटली तर मुलगा-मुलगी दोघांना पाठवावे. वाईट वाटली तर दोघांनाही काढावे. एकीला काढून दुसऱ्याला ठेवणे एवढे मात्र करू नये. ज्या चौघींची नावे कमी झाली, त्यांच्या आया इथे बसल्या आहेत. त्यांच्याबरोबर पहिल्या फेरीला मी स्वतः येईन. आणि येताना पिशवी आणावी, कारण तबेल्यातली जुनी कुजलेली लीद गुलाबाला फार मानवते आणि मामा ती पैसे न घेता देतात.