गाळ्याचे भाडे आणि सामाईक खर्च
(वटार येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला गाळ्यांच्या व्यवहारावर बोलावयास सांगितले आहे. मी वकील नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. पण कर्जाच्या फायली हाताळताना एक गोष्ट वारंवार दिसते. आपली मुले आता नोकरीची वाट पाहत बसत नाहीत. कोणी नालासोपाऱ्याच्या बाजारात दुरुस्तीचे दुकान टाकतो, कोणी वालीव-सातिवलीला गाळा घेऊन दोन-चार मशिनी बसवतो. भाडे ठरलेले असते. अडचण येते ती 'मेंटेनन्स' या एका शब्दापाशी.

या शब्दाच्या पोटात काय काय असते? जिन्यातला दिवा, पाण्याच्या पंपाचे वीजबिल, रखवालदार, झाडलोट, लिफ्ट, गच्चीची गळती, मालमत्ता कर. व्यवहार ठरताना मालक म्हणतो, "वरचं काय असेल ते बघून घेऊ." हे 'बघून घेऊ' फार महाग पडते!

समजा, गाळ्याचे भाडे महिना १२,००० आणि अनामत १ लाख. सोसायटीचा आकार महिना १,५००. मालकाने मागची दोन वर्षे तो भरलेलाच नाही, म्हणजे ३६,००० थकले. सोसायटीच्या दप्तरी सभासद म्हणून नाव मालकाचे, पण मालक राहतो दूर; रोज डोळ्यांसमोर दिसते ते तुमचे शटर. मग तगादा तुमच्याकडे येतो, आणि गाळा सोडताना अनामतीतून ३६,००० कापले जातात. मुलाच्या हातात एक चिठ्ठीसुद्धा नसते. म्हणून अनामत देण्यापूर्वी सोसायटीची शेवटची पावती, थकबाकी नसल्याचे पत्र, कराची पावती आणि वीजबिल, एवढे कागद मागा. मागण्यात संकोच कसला?

आता कराराकडे वळतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. त्यावरून लोकांनी अकरा महिन्यांची युक्ती काढली आणि ती अजून चालू आहे. परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह-लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि तंटा झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे कृपया ध्यानात घ्या. खर्च म्हणाल तर लीव्ह-लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. वरच्या उदाहरणात ते अकरा महिन्यांचे साधारण साडेतीनशे रुपये होते. नोंदणी फी वेगळी. एवढ्यासाठी लाखाची अनामत उघड्यावर का ठेवावी?

खर्चाची वाटणी इमारतीनुसार बदलते. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधीप्रमाणे सेवाशुल्क सर्वांना समान, मग गाळा लहान असो की मोठा. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. गाळा भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. लिफ्टचा खर्चही समान. तळमजल्याचा दुकानदार लिफ्टमध्ये पाऊल टाकीत नसला तरी! मला हे जाचक वाटते, पण नियम आहे. म्हणूनच लिफ्ट, निधी आणि मोठी दुरुस्ती मालकाकडे, आणि रोजच्या वापराचा खर्च भाडेकरूकडे, असे करारात लिहून घ्यावे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत मात्र वाटणी प्रत्येकाच्या ठरलेल्या टक्केवारीने होते.

सोपारा आपल्या शेजारी, म्हणून एक जुना दाखला देतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतल्या एका लेखात शूर्पारकाचे, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचेही नाव येते. दुसऱ्या एका लेखात त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे नमूद आहे. २,००० दरमहा शेकडा एक दराने, १,००० पाऊण दराने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. वर्षावासातल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब बरोबर जुळतो. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि हे सर्व निगमसभेत जाहीर करून दप्तरात नोंदविले गेले! सुमारे १,९०० वर्षांपूर्वी जे नोंदवून झाले, ते आज नालासोपाऱ्यात तोंडी चालते, याचे मला बँकेतला माणूस म्हणून नवल वाटते.

आपल्यापैकी ज्यांनी घरापुढे रस्त्यालगत गाळे काढले असतील, त्यांनाही हेच लागू आहे. तिथे सोसायटी नसते, म्हणून पंपाचे आणि दिव्याचे बिल कोणत्या मापाने वाटायचे ते आधीच ठरवावे. शक्य तर प्रत्येक गाळ्याला वेगळा मीटर घ्यावा. जमलेल्या पैशांची वेगळी वही आणि वेगळे बचत खाते ठेवावे. घरखर्चात ते मिसळले की सहा महिन्यांनी कोणालाच काही सांगता येत नाही.

सभा संपल्यावर मी थांबणार आहे. ज्यांनी करार सोबत आणले असतील त्यांनी दाखवावेत. इंडेक्स टूची प्रत असेल तर तीही काढून ठेवा.

जयभीम!