वरातीतला बँड आणि जॅझ

श्रोतेहो, आपल्या गावात वरात निघते तेव्हा बँडवाले सिनेमातली एखादी चाल वाजवतात आणि पोरे नाचू लागतात. त्या चालीतली लचक आली कुठून? तिचा माग काढीत गेलो, तर थेट अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स बंदरापर्यंत जावे लागते.

तिथेही बँडच होता. १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या बँडांत पितळी वाद्ये घुमू लागली. अंत्ययात्रेला जाताना संथ प्रार्थनागीत आणि परतताना उडता ठेका, अशी त्यांची रीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा वातावरणात जॅझ संगीत आकाराला आले. त्याचे मर्म सोपे आहे. एकाने ओळ टाकायची, इतरांनी झेलायची. आपले शाहीर आणि झीलकरी करतात ना, तसेच. शिवाय उपज. चाल ठरलेली, पण वाजवणारा ती दर वेळी नव्याने मांडणार.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकी जॅझवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. गोव्याच्या वादकांनी ती विद्या चटकन उचलली. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून ही मंडळी पोटासाठी मुंबईस आलेली. रात्री हॉटेलात वाजवायचे, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाला संगीत दिले, तेव्हा चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रंपेटवादक त्यांच्या सोबतीला होते. ती गाणी खेडोपाडी पोचली. वाजवणाऱ्यांची नावे मात्र पोचली नाहीत. पडद्यावर बहुतेकांचा उल्लेख नसे; असलाच तर ‘सहाय्यक’ एवढाच.

मग जॅझ संपले का? नाही. नाव बदलून ते दुसऱ्यांच्या घरी नांदते आहे. रॉक संगीतात त्याचे रक्त आहे. रॅप गाण्यांतही जुन्या जॅझ तबकड्यांचे तुकडे गुंफलेले सापडतात. जे संगीत देते आणि घेते, त्याला मरण नाही. धोका आहे तो उपज विसरण्याचा. तयार ठेका यंत्रातून निघू लागला, की हात आळसावतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती. वर्गात एखादे गाणे लावा आणि मुलांना विचारा, “गाणारा कोण, हे कळले, पण मागे वाजवतो आहे कोण?” उत्तर लगेच मिळणार नाही. पण मुले कान देऊन ऐकू लागतील. आणि पुढच्या वरातीत एखादा पोरगा नाचता नाचता थांबून ट्रंपेटवाल्याकडे पाहील, तर तेवढे पुरे.