दुर्बीण, पित्त आणि पोटाची गोष्ट



साहित्याच्या व्यासपीठावर सर्जनला बोलावण्याचं धाडस मंडळाने केलं आहे. माझा हात सुईदोऱ्याला सरावलेला, भाषणाला नव्हे. पण विषय निवडताना लक्षात आलं की माझ्या कामातल्या अर्ध्या अडचणी पोटातल्या नसतात, शब्दांतल्या असतात. म्हणून आज पोटाबद्दल बोलेन, पण शब्दांच्या वाटेने.

पहिला शब्द 'दुर्बीण'. लॅपरोस्कोपी असं कोणी म्हणत नाही. मराठी माणूस 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतो, आपले गुजराती शेजारी 'दूरबीनवाळुं ऑपरेशन' म्हणतात. शब्द मूळचा फारसी : दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. आम्ही तर बेंबीतून आत जाऊन वीतभर अंतरावरचं पित्ताशय पाहतो! पण शब्द चुकीचा असला तरी कामाचा आहे. 'नळीतून पाहायचं' एवढं तो नीट सांगतो. त्याहून वाईट गैरसमज 'लेसर'चा. दर दुसरा नातेवाईक विचारतो, "डॉक्टरसाहेब, लेसरनेच काढणार ना?" लेसरचा इथे काही संबंध नाही. आत कात्री असते, चिमटे असतात, रक्तवाहिनी बंद करायची क्लिप असते. फक्त त्यांचे दांडे हातभर लांब असतात.

दुसरा शब्द जास्त धोक्याचा आहे. तो म्हणजे 'पित्त'.

मराठीत पित्त म्हणजे काय? आयुर्वेदातला एक दोष, हे झालं शास्त्र. घरात मात्र आंबट ढेकर, जळजळ, डोकेदुखी, सगळं पित्तच. माणूस चिडला तरी त्याचं पित्त खवळतं. ही जळजळ बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची असते. आणि ज्याला शरीरशास्त्र पित्तरस म्हणतं, तो यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा रस आम्लाच्या उलट गुणाचा. तो पित्ताशयात साठतो, घट्ट होतो आणि तेलतूप पोटात गेलं की पित्ताशय आकसून तो आतड्यात सोडतं. दोन निराळ्या गोष्टी, नाव एकच. म्हणून पित्ताशयातला खडा दुखायला लागला की घरात निदान आधीच तयार असतं : "पित्त झालंय."

आपण सुरतकर मराठी माणसं या बाबतीत दुहेरी अडकलेले. कोजागिरीला आटीव मसाला दूध आपलं, आणि दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याची तुपात बुडवलेली घारी सुरतेची. सुरतचं जेवण आणि काशीचं मरण म्हणतात ते खोटं नाही. पण खडा असलेल्या पित्ताशयाला लागोपाठ दोन दिवस आकसायला लावलं की तिसऱ्या दिवशी आमचे फोन वाजतात. दुखणं उजवीकडे बरगड्यांखाली किंवा छातीच्या खाली मध्यभागी सुरू होतं, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जातं, अर्धा तास ते काही तास टिकतं. सोड्याने जात नाही. आपोआप गेलं तरी परत येतं. हे वर्णन ओळखीचं वाटलं, तर सोनोग्राफी करून घ्या. (आणि सोनोग्राफीत सहज दिसलेला, कधीच न दुखलेला खडा असेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, हेही सांगून ठेवतो. त्यासाठी घाई करणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.)

लिंबायतच्या एका बाई आठवतात. नंदुरबारकडचं कुटुंब, नवरा लूमवर, बाई घरी साड्यांवर टिकल्या-खडे चिकटवण्याचं काम करायच्या. तीन वर्षं त्यांचं 'पित्त' चाललं होतं. आलं, सोडा, सूतशेखर सगळं झालं. डोळे पिवळे झाले तेव्हा आल्या. पित्ताशयातला एक खडा घसरून नळीत अडकला होता. तो आधी तोंडातून आत घातलेल्या दुर्बिणीने काढला, मग पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्याकडे पुन्हा येतो. आधी या ऑपरेशनचा इतिहास, कारण तो मोठा मजेदार आहे.

पोट उघडून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखने १५ जुलै १८८२ रोजी केलं. नुसते खडे का काढत नाही, हे आजही मला रोज विचारतात. त्याचं उत्तर लांगेनबुखनेच देऊन ठेवलं आहे : खडे आहेत म्हणून पित्ताशय काढायचं नाही, ते खडे तयार करतं म्हणून काढायचं. मूतखड्याची तुलना इथे चालत नाही. पुढची शंभर वर्षं हे ऑपरेशन म्हणजे बरगड्यांखाली वीतभर चीर.

नळीतून पोटात डोकावण्याचा प्रयोग १९०१ साली ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंगने कुत्र्यावर केला, माणसावर स्टॉकहोमच्या याकोबेउसने १९१० मध्ये. पण ते पाहण्यापुरतं होतं. नळीतून अपेंडिक्स काढलं १९८० साली कीलच्या कुर्ट झेमने. तो स्त्रीरोगतज्ज्ञ! जर्मन सर्जन इतके संतापले की त्याला निलंबित करा अशी मागणी झाली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी ब्योब्लिंगेनच्या एरिक म्युहेने नळीतून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी तो सर्जनांच्या परिषदेत बोलला, तर त्याची टर उडवली गेली. १९८७ मध्ये लियोंच्या फिलिप मुरेने तेच केलं, आणि तिथून ते जगभर पसरलं. त्याच जर्मन संस्थेने १९९२ मध्ये म्युहेचा सन्मान केला. आपल्या साहित्यसंस्थांमध्येही असं घडलेलं पाहिलं आहे, पण तो विषय आजचा नाही.

मुंबईला ही विद्या फार उशिरा आली नाही. ३१ मे १९९० रोजी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतातलं असं पहिलं ऑपरेशन केलं. उडवाडिया म्हणजे उदवाड्याचे. सुरतहून मुंबईला जाताना वापीच्या आधी खिडकीतून दिसणारं, इराणशहाच्या अग्यारीचं ते स्टेशन. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी हे ऑपरेशन केलं.

पण उडवाडियांची खरी गोष्ट १९९० ची नव्हे, १९७२ ची आहे. तेव्हापासून ते जे. जे.त दुर्बिणीने पोटाचं निदान करत होते. सोनोग्राफी, सीटी स्कॅन हाताशी नव्हतं, आणि पोटात पाणी, गाठ किंवा क्षयाचा संशय घेऊन गरीब माणसं येत. आत काय आहे एवढं कळण्यासाठी पोट फाडायचं का? त्याऐवजी एक नळी. म्हणजे आपल्याकडे हे तंत्र श्रीमंतांच्या सौंदर्यासाठी, चिरेचा डाग नको म्हणून आलं नाही. ते सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डात रुजलं. रोजंदारीवरच्या माणसाला लवकर कामावर जाण्याची गरज सर्वांत जास्त, म्हणून हे ऑपरेशन खरं त्याचं, असं उडवाडिया आयुष्यभर मांडत राहिले. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०२३ मध्ये ते गेले.

आता ऑपरेशन टेबलाकडे. पूर्ण भूल दिल्यावर बेंबीजवळून कार्बन डाय ऑक्साइड भरून पोट तंबूसारखं उचलतात. हाच वायू का? तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो तो याच वायूमुळे. बाई घाबरतात, हृदयाचं काही झालं की काय. पोट आणि छाती यांमधल्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून मेंदूला पत्ता खांद्याचा मिळतो. सहसा चार छिद्रं, अर्ध्या ते एक सेंटीमीटरची. सर्जन पडद्यावर पाहून काम करतो. हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. ही उलटी बाराखडी शिकायला वेळ लागतो. अपेंडिक्स, हर्निया, आतड्याचा कॅन्सर, आता बरंच काही असं होतं. मला मात्र सगळ्यात सावध पित्ताशयच ठेवतं. कारण तिथे यकृतातून येणारी मुख्य पित्तनळी अगदी जवळून जाते. सूज असली की सगळं एकमेकांना चिकटतं, आणि ती नळी कापली गेली तर माणसाचं आयुष्य बदलतं.

म्हणून कधीकधी सर्जन थांबतो, दुर्बीण बाहेर काढतो आणि नेहमीची चीर देतो. लिंबायतच्या त्या बाईंचं हेच झालं. आत काहीच वेगळं ओळखू येत नव्हतं. पोट उघडलं, पित्ताशय नीट निघालं. बाहेर आलो तर यजमान रागाने लाल : "दुर्बिणीचं ठरलं होतं ना? मग पोट का फाडलं?" त्यांचा राग मला कळत होता. चार दिवसांत बायको घरी येईल, साड्यांचं काम सुरू होईल, हा हिशेब त्यांनी मांडला होता. तो महिन्याभरावर गेला. पण त्यांना वाटलं दुर्बीण 'फेल' गेली. खरं तर त्या टेबलावरचा सर्वांत शहाणा निर्णय तोच होता. मी आधी सांगितलं होतं, संमतीपत्रातही छापलेलं होतं. ते संमतीपत्र गुजरातीत होतं, खाली इंग्रजीत. यजमानांनी सही केली होती, वाचलं नव्हतं, कारण त्यांना दोन्ही लिपी वाचता येत नव्हत्या.

उधना, लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. आपल्यासारखी चार पिढ्यांची गुजराती त्यांच्याकडे नाही. घरी अहिराणी बोलतात, शाळेत जेवढी झाली तेवढी मराठी वाचतात. त्यांच्यासाठी मी पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल एका पानाचा मराठी मजकूर लिहिला आहे : दुर्बीण म्हणजे काय, लेसर का नाही, पूर्ण पित्ताशय का काढायचं, खांदा का दुखतो, आणि ठळक अक्षरांत, गरज पडली तर पोट उघडावं लागेल व ते अपयश नसेल. पान आज सोबत आणलं आहे. डॉक्टरी मराठी त्यात नक्कीच घुसलेली आहे. सभेनंतर ज्यांना वेळ आहे त्यांनी लाल पेन घेऊन बसावं, आणि ज्यांना अहिराणी येते त्यांनी तर जाऊच नये. 'पित्तरस' या शब्दाला दुसरा काही सोपा शब्द सुचला तर मला आजच हवा आहे.