प्रत उघडून पाहिली का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर साऱ्या गावाला कळतं, अशा एका कामाविषयी मी आज बोलणार आहे. ते काम म्हणजे आपल्याच संगणकावर चालणारा प्रोग्रॅम आणि त्याने साठवलेली माहिती, म्हणजे डेटाबेस, नव्या आवृत्तीवर नेणं.

मोठ्या बँकांकडे यासाठी खास माणसं असतात. पण आता शाळा आणि वाचनालयंही स्वतःचा सर्व्हर बाळगतात. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा संगणक मी हौसेने सांभाळतो. तिथे 'कोहा' नावाचा प्रोग्रॅम आहे. 'कोहा' हा न्यूझीलंडमधल्या माओरी भाषेतला शब्द, त्याचा अर्थ भेट. तिथल्या एका ग्रंथालय न्यासासाठी तो १९९९ मध्ये तयार झाला, जानेवारी २००० मध्ये वापरात आला आणि मग जगभर मोफत दिला गेला. भारतातली अनेक ग्रंथालयंही तो वापरतात.

आमच्या पुस्तकांची यादी त्यात भरायला दोन वर्षं लागली. कॉलेजची मुलं आणि निवृत्त शिक्षक यांनी दाखल नोंदवह्या समोर ठेवून एकेक नाव टाइप केलं. पुढे पहिल्या तीन नोंदवह्यांना वाळवी लागली. त्यामुळे सर्वांत जुन्या पुस्तकांची नोंद उरली ती फक्त संगणकात.

मग चालत्या प्रोग्रॅमला हात लावायचाच कशाला, असं कुणीही विचारेल. कारण जुन्या आवृत्तीची देखभाल कधीतरी थांबते. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल ५.७ होता, त्याचा अधिकृत पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कुणी येत नाही, आणि संगणक इंटरनेटला जोडलेला असेल तर चोराला ती भोकं ठाऊक असतात.

पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. प्रोग्रॅम नवा झाला की तो डेटाबेसमधल्या तक्त्यांची मांडणीही बदलतो. ती मांडणी जुन्या प्रोग्रॅमला कळत नाही. मायएसक्यूएलही एकदा ५.७ वरून ८.० वर नेलं, की आहे त्याच माहितीवर पुन्हा ५.७ चालवता येत नाही. पुढे जायचा रस्ता आहे, मागे यायचा नाही. परतायची वाट एकच, ती म्हणजे आधी काढून ठेवलेली प्रत, अर्थात बॅकअप.

आमच्याकडे बॅकअप रोज रात्री आपोआप निघत होता. मी निर्धास्त होतो. सोमवारी वाचनालय बंद असतं, म्हणून तो दिवस ठरवला. आदल्या आठवड्यात ग्रंथपाल बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, ती प्रत कधी उघडून पाहिलीय का हो?"

नव्हती पाहिली. फाइल रोज तयार होते, तिचा आकार ठीक दिसतो, एवढंच मी पाहत होतो. बाईंच्या समाधानासाठी एक जुना संगणक घेतला आणि त्यावर ती प्रत भरली. पुस्तकांची संख्या बरोबर आली. इंग्रजी पुस्तकांची नावं दिसली. मराठी पुस्तकांच्या जागी मात्र ओळीने प्रश्नचिन्हं होती. नाव प्रश्नचिन्हं, लेखक प्रश्नचिन्हं, सभासदांचे पत्तेही तसेच.

झालं होतं ते असं. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. प्रत काढायची आज्ञा लिहिताना मी जो अक्षरसंच नेमला होता, त्यात २५६ चिन्हांपुरतीच जागा होती. देवनागरीला तिथे जागाच नाही, म्हणून संगणक प्रत्येक ठिकाणी प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जात होता. कसलीही तक्रार न करता. चूक माझीच होती. त्या सोमवारी काही बिघडलं असतं, तर दोन वर्षांची मेहनत गेली असती आणि वाळवीने खाल्लेल्या वह्यांकडे परत जाता आलं नसतं.

असं फक्त हौशी माणसांच्या बाबतीत घडतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. प्रती राखण्याचे पाच मार्ग होते, पण ऐन वेळी एकाचाही भरवसा देता येईना. रोजची प्रत काढणारं साधन ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तशी सूचना देणारी ईमेलही पोहोचत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली, म्हणून बाकीचं वाचलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून उघडपणे सांगितलं, हे मात्र कौतुकाचं.

आम्ही मग काय केलं? आज्ञा दुरुस्त केली आणि नव्याने प्रत काढली. प्रत म्हणजे नुसता डेटाबेस नव्हे. प्रोग्रॅमच्या जुळवणीच्या फाइली आणि जोडलेली चित्रंही त्यात घेतली, जुनी आवृत्तीही हाताशी ठेवली. ते सारं जुन्या संगणकावर भरून तिथेच अपग्रेडची रंगीत तालीम केली. नव्या आवृत्तीसोबत येणारी टिपणं आधी वाचली. काही प्रोग्रॅम मधली पायरी गाळू देत नाहीत, नेक्स्टक्लाउड हे त्याचं उदाहरण. तालमीत किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून पाहिलं.

मग सोमवारी देवघेव बंद ठेवून शेवटची प्रत काढली, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली आणि मगच खऱ्या यंत्राला हात लावला. दुपारी चारपर्यंत जमलं नाही तर परत फिरायचं, हे आधीच ठरवलं होतं. काम झाल्यावर बाईंनी स्वतः वीस पुस्तकं शोधून पाहिली, एक देऊन परत घेतलं. ही तपासणी दार उघडण्यापूर्वीच करायची असते. एकदा नव्या नोंदी सुरू झाल्या, की मागे फिरताना त्या गमवाव्या लागतात.

मंगळवारी सभासद आले, पुस्तकं घेऊन गेले. कुणाला काही कळलं नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही एक प्रत जुन्या संगणकावर भरतो आणि बाई त्यात मराठी नावं वाचून पाहतात.

आपल्या संस्थेत असा संगणक सांभाळणारं कुणी असेल, तर त्याला बाईंचा तो प्रश्न एकदा विचारा.